पेंडीचं पोतं आणि खरकटं ताट

ताई, नमस्कार.

मी करवीर तालुक्यातल्या, आता कोल्हापूर शहराला जवळजवळ चिकटलेल्या एका गावात राहते. वय बत्तीस. शहरातल्या एका पतसंस्थेत क्लार्क आहे. आमचे हे शिरोली एमआयडीसीत व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या धातू कापायच्या मशिनवर, ऑपरेटर आहेत. घरी सासूबाई, दोन म्हशी आणि दुसरीतला मुलगा.

माणूस वाईट नाही. व्यसन नाही, पगार घरात देतात. लहानपणी तालमीत होते, अजूनही सकाळच्या जोर-बैठका चुकवत नाहीत. पन्नास किलोचं पेंडीचं पोतं खांद्यावर घेऊन सरळ गोठ्यात टाकतात. पण जेवल्यावर स्वतःचं ताट मोरीपर्यंत नेत नाहीत. ताटातच हात धुतात आणि उठतात. मंडळाच्या महाप्रसादाला मात्र हेच गृहस्थ पहाटे चारला उठून कांदा चिरतात, वाढप करतात, काहिली घासतात. त्याचे फोटो स्टेटसला असतात.

बोललं की म्हणतात, "मी दिवसभर अंगमेहनत करतो, तू पंख्याखाली खुर्चीत बसतीस." वर आणखी, "सिलिंडर आला की मला हाक मारतीस, गाडी पंक्चर झाली की मला फोन, फ्यूज गेला की माझ्या नावानं बोंब. तवा समानता कुठं जाती?" याला मला उत्तर सुचत नाही, म्हणून जास्तच राग येतो. सासूबाई म्हणतात, "बाप्या माणसानं खरकटं काढल्यालं बरं दिसतंय व्हय?" त्या स्वतः साठीच्या पुढं आहेत, तरी दोन्ही वेळच्या धारा काढतात, वैरणीचा भारा डोक्यावरून आणतात.

हे असंच चाललं असतं. पण परवा मुलाला सांडलेलं पाणी पुसायला सांगितलं तर म्हणाला, "ते बायकांचं काम हाय." त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. पुरुषांना मुळातच कामाचा कंटाळा असतो का? की आमचं काम त्यांना काम वाटतच नाही? मी काय करू?

— एक वाचक, करवीर

*

नमस्कार.

ताटाचं नंतर बघू. आधी त्या काहिलीकडं या. महाप्रसादाची काहील घासणं ज्यानं जवळून बघितलंय त्याला विचारा. तळाला मसालेभात करपून बसलेला, कडेनं तेल थिजलेलं, बाहेरून चुलीची काजळी. ती आडवी करून माणूस जवळजवळ आत शिरतो, उलथण्यानं खरवडतो, मग घासणी घेऊन भिडतो. कोपरापर्यंत हात काळे. तुमच्या घरची दोन वेळची सगळी भांडी एकत्र केली तरी एवढी मेहनत नाही, आणि तुमचे मालक ती हसत-खिदळत करतात. तेव्हा पुरुषाला अंगमेहनतीचा कंटाळा असतो का, या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच मला लिहून पाठवलंय.

तालमीचंही तेच. तालमीत राहणारी पोरं स्वतःचा स्वयंपाक स्वतः करतात, खोली झाडतात, लंगोट धुतात, कुंडीत बदाम घोटून थंडाई करतात. हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, माती उकरतात, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मऊ राखतात. थोरल्या पैलवानांचं अंग रगडतात. म्हणजे झाडणं, धुणं, रांधणं, वाटणं, सेवा करणं, सगळंच आलं. आपल्याकडं बायकांची म्हणून जेवढी कामं मानली जातात, त्यातलं एकही तिथं सुटत नाही, आणि त्यामुळं कुणाच्या मिशीचा पीळ कमी झाल्याचं ऐकिवात नाही.

मग घरात काय बिघडतं? माझ्या मते दोन गोष्टी. तालमीत आणि मंडळात काम बघणारे पुरुष असतात. वस्ताद बघतो, मित्र बघतात, काहील लख्ख झाली की कुणीतरी पाठीवर थाप मारून "नाद खुळा" म्हणतो. आणि ते काम संपतं. महाप्रसाद वर्षातून एकदा. घरातलं ताट दुपारी घासलं तर रात्री पुन्हा खरकटं होतं, त्याला शेवट नाही आणि प्रेक्षक म्हणून फक्त बायको. बायकोसमोर ताट उचललं तर कौतुक नाही, उलट दारातून जाणाऱ्या मित्रानं बघितलं तर चेष्टा. तुमच्या नवऱ्याचं गणित इतकं साधं आहे. त्यांनी ते बसून मांडलेलं नाही, लहानपणापासून आपोआप मांडलं गेलंय.

आणखी एक पुरावा देते, तो वादात तुमच्या कामी येईल. पुरुषांना पसारा दिसतच नाही, त्यांची नजरच तशी, असं आपल्या बायकाही सहज बोलून जातात. शिरोली काय, गोकुळ शिरगाव काय, कुठल्याही बऱ्या वर्कशॉपमध्ये भिंतीवर फाइव्ह एसचा तक्ता असतो. नको ते काढा, हवं ते जागेवर ठेवा, जागा झाडून-पुसून ठेवा, हे रोज करा, स्वतःहून करा. ही जपानी कारखान्यांची पद्धत आपल्या एमआयडीसीत आता मुरलीय. तुमचे मालक शिफ्ट संपताना मशिनच्या बेडवरची बर, म्हणजे धातूचा कीस, ब्रशनं काढतात, सांडलेलं कूलंट पुसतात, स्पॅनर ज्या खुणेवर लटकवायचा तिथंच लटकवतात. एक मेजरिंग इन्स्ट्रुमेंट इकडचं तिकडं झालं तर त्यांना लांबून कळतं. ही नजर घराच्या उंबऱ्यावर नाहीशी होते कशी? होत नाही हो. घरात सुपरवायझर नाही म्हणून ती मिटून घेतली जाते.

आता त्यांची बाजू. 'तू खुर्चीत बसतीस' हे बोलणं उर्मट आहे, पण त्यात काही खरंही आहे. आठ तास उभं राहून कास्टिंग उचलायचं, फिक्स्चरला बांधायचं, काढायचं, पुन्हा दुसरं. त्यात आठवड्याला शिफ्ट बदलणार. कंबर बोलायला लागते. त्यांचा थकवा खोटा आहे असं समजून तुम्ही बोलायला बसलात तर बोलणं पहिल्याच मिनिटाला मोडेल. फक्त त्यांनी धरलेली मोजपट्टी अपुरी आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर माणसं चोवीस तास कसे घालवतात याची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. ही ९७ मिनिटंसुद्धा फक्त त्या पुरुषांची, जे त्या दिवशी घरकामाला हात लावतात. असे पुरुष शंभरात २६ निघाले, बायका ८१. २०२४ च्या पाहणीत बायकांची मिनिटं २८९ झाली आणि पुरुषांची ८८. म्हणजे बायकांची दहा मिनिटं कमी झाली ती पुरुषांनी उचलली असंही नाही, त्यांचीही नऊ कमीच झाली. तुमची पतसंस्थेतली खुर्ची संपल्यावर ही जवळपास पाच तासांची शिफ्ट सुरू होते. तिला वीकली ऑफ नाही, ओव्हरटाइम नाही.

'जड ते पुरुषाचं, हलकं ते बाईचं' हे तर आपल्या जिल्ह्यात कुणी म्हणूच नये. ऊस हंगामात कुठल्याही फडावर जाऊन उभं राहा. गडी कोयत्यानं तोडतो आणि बाई मोळ्या बांधते, डोक्यावर घेते, फळीवरून चढून ट्रॉलीत टाकते. तीस-चाळीस किलोची मोळी, अशा किती फेऱ्या. हिशेबात मात्र नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादमाकडची उचल नवऱ्याच्या हातात. राधानगरी, गगनबावड्याकडं भाताची रोप लावण बघा. पॉवर टिलरवर गडी, आणि दिवसभर कमरेत वाकून चिखलात बायका. भांगलण तर जन्माची बायकांची. उकिडवं बसून दिवसभर पुढं सरकायचं. त्याच शेतात तण काढायला मशिन आलं की ते गड्याच्या हातात जातं आणि रोज वाढतो. समान कामाला समान मजुरीचा कायदा १९७६ साली झाला, पण गड्याचा रोज आणि बाईचा रोज हे दोन वेगळे आकडे अजून गावोगाव बिनदिक्कत सांगितले जातात. कोल्हापुरी चपलेतही हेच. कातडं कमावणं, कापणं बहुतेक पुरुषांकडं, आणि चपलेची वेणी, जिच्यासाठी गिऱ्हाईक पैसे मोजतं, ती बऱ्याच घरांत बायका घालतात. २०१९ मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा कौतुक झालं ते कारागिरांचं, आणि कारागीर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं मिशीवालाच येतो.

(वॉशिंग मशिन मात्र याला अपवाद. मशिन म्हटलं की पुरुष धावतो, पण एवढं एक मशिन घरोघरी बाईच्याच गळ्यात राहिलं. व्हीएमसीचे शंभर कोड पाठ असणाऱ्याला त्यातली चार बटणं समजत नाहीत. नवलच आहे.)

शरीरात फरक नाही असं मी म्हणणार नाही. वयात येताना मुलग्यांच्या अंगात जे हार्मोन वाढतं त्यानं खांदे, दंड, पाठ यांचे स्नायू मोठे होतात. सरासरी बाईची वरच्या अंगाची ताकद पुरुषाच्या निम्म्याहून थोडी जास्त भरते. पायांत हे अंतर बरंच कमी असतं. म्हणून पेंडीचं पोतं त्यांनी उचलणं योग्यच आहे, त्यावरून भांडू नका. पण ताटाचं वजन ते किती? ताकदीचा मुद्दा पोत्यापाशी सुरू होतो आणि पोत्यापाशीच संपतो. मुरगूडच्या आखाड्यात मुली कुस्ती खेळून देशाबाहेर पदकं आणतात, त्याच जिल्ह्यात दंडावर बेडकी फुगवणाऱ्या गड्याला तांब्या जड होतो.

आता तुमच्याकडं येते. सिलिंडर, पंक्चर, फ्यूज. तुम्हाला याचं उत्तर सुचत नाही कारण ते बोलणं बरोबर आहे. आपण बायकाही काही कामांपासून सोयीनं लांब राहतो. काही ताकदीमुळं, बरीचशी सवयीनं, आणि थोडी 'काळे हात कोण करणार' म्हणून. हातात पाना-पक्कड धरलेली बाई आपल्यालाच विचित्र वाटते. नवऱ्याच्या ताटाबद्दल बोलायच्या आधी हे तीन विषय तुम्ही निकालात काढा. त्यांच्यावर उपकार म्हणून नको, त्यांच्या हातातलं हत्यार काढून घ्यायला.

सिलिंडर भरलेला असताना टाकी धरून तीस किलोच्या आसपास जातो, त्यातला गॅस १४.२ किलो. तो उचलायचा नाहीच. भांड्यांच्या दुकानात चाकाचा स्टँड मिळतो, तो आणा. डिलिव्हरीवाल्याकडून त्यावरच ठेवून घ्या, म्हणजे पुढं ढकलायला सासूबाईंचा एक हातही पुरतो. लावायला शिका. चालू सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, शेगडीची बटणं बंद, देवापुढचा दिवा विझवलेला. नव्याचं सील काढून दोरीची टोपी वर ओढायची, व्हॉल्व्हच्या आत काळं रबरी वायसर आहे का हे बोटानं नाही, डोळ्यानं बघायचं. रेग्युलेटरची खालची काळी कडी वर ओढून धरायची, तो सरळ बसवायचा, कडी सोडायची. खट् असा आवाज येतो. मग बटण चालू करून जोडावर साबणाचा फेस लावायचा. बुडबुडे आले तर लगेच बंद करून खिडक्या उघडायच्या आणि एजन्सीला फोन. एकदा त्यांच्यासमोर करा, दुसऱ्यांदा एकट्यानं. फ्यूजसाठी घरातला बोर्ड जुना असेल तर मेन स्विच कुठला हे आधी समजून घ्या. त्याच्या पुढं वायरमनचंच काम आहे, तिथं तुमच्या मालकांनीही उगाच शूरपणा करू नये. पंक्चरचं तर काहीच नाही. टायर ट्यूबलेस असेल तर हवा भरून पहिल्या दुकानापर्यंत गाडी सहज जाते आणि पंक्चरवाला बाईला नाही म्हणत नाही.

एवढं झालं की बोला. पण ताटापासून सुरुवात करू नका. तुमच्या पत्रातली दुसरी एक गोष्ट मला ताटापेक्षा जास्त खटकली आणि तुम्ही ती सहज लिहून गेलात. साठीच्या पुढची बाई डोक्यावरून वैरणीचा भारा आणते आणि तिचा पैलवान मुलगा त्याच वेळी अंगणात बैठका मारतो. अहो, बैठका मारायच्याच तर भारा घेऊन माराव्यात! वैरण कापणं, आणणं, कडबाकुट्टीवर बारीक करणं हे पहिलं काम त्यांच्याकडं जाऊ द्या. याला कुणी नावं ठेवू शकत नाही. ते रांगडं काम आहे, दिसणारं आहे, गावात कुणी बघितलं तर 'पोरगा आईला जपतोय' असंच म्हणणार. तुमच्या सासूबाईंना 'बाप्या माणसानं' हे वाक्य तिथं वापरता येणार नाही. आणि नवऱ्याला घरचं काम अंगवळणी पडायला सुरुवात अशाच कामानं होते ज्यात त्यांना लाज वाटत नाही. ही थोडी लबाडी आहे, मान्य. चालतंय.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांच्या 'बरं दिसतंय व्हय' मध्ये भीती आहे. सुनेनं पोराला भांडी घासायला लावली, ही कुजबूज दूध घालायला गेल्यावर त्यांनाच ऐकावी लागणार. त्यांच्या पिढीत घर नीट ठेवलंय की नाही हे असंच मोजलं गेलं. त्यांना एक जुनी गोष्ट सांगता येईल. कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. पुढं त्यांच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहिली, शेतात राबली, आपली कामं आपल्या हातानं करून शिकली. 'कमवा आणि शिका' हे त्यातूनच आलं, शिवाजी विद्यापीठात ती योजना आजही चालते. त्या बोर्डिंगांतून शिकून मोठी झालेली कितीतरी माणसं आपल्या भागात होती. त्यांनी भाकरी थापल्या म्हणून त्यांना कुणी कमी बाप्या म्हटलं नाही.

शिवाय सासूबाईंना एक विचारा, दूध संस्थेतलं खातं कुणाच्या नावावर आहे? धारा त्या काढतात, शेण त्या काढतात, रात्री म्हैस अडली तर उठतात त्या. सभासद म्हणून नाव बहुधा सासऱ्यांचं होतं आणि आता मुलाचं असेल. दर दहा दिवसांचं बिल त्यांच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हायला लागलं तर घरातल्या कामाकडं बघायची सगळ्यांचीच नजर थोडी हलेल, त्यांचीसुद्धा. तुम्ही पतसंस्थेत आहात, कागद कसे करायचे हे मी तुम्हाला सांगायला नको.

भांड्यांचं असं करा. 'जरा हातभार लावा' असं मोघम बोललात की तुम्ही सांगायचं आणि त्यांनी करायचं, असं कायमचं होऊन बसेल, आणि सांगण्याचा त्रास करण्याएवढाच असतो. एक अख्खं काम द्या, लक्षात ठेवण्यासकट. त्यांच्या शिफ्टप्रमाणं वाटणी करा, ही भाषा त्यांना कळते. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात ते संध्याकाळी मोकळे असतात, तेव्हा रात्रीची भांडी त्यांची; साबण संपत आला की आणणंही त्यांचंच. सेकंडच्या आठवड्यात सकाळ मोकळी, तेव्हा मुलाची अंघोळ, डबा, दप्तर, शाळेत सोडणं. नाईटच्या आठवड्यात झोपू द्या बिचाऱ्याला, फक्त आपलं ताट आपण उचलायचं. ताटात हात धुणं मात्र कुठल्याच शिफ्टला नाही.

सुरुवातीला तव्याची मागची बाजू राहील, कुकरची शिट्टी तशीच तेलकट असेल, झारा भलत्याच खणात जाईल. तुमचा हात शिवशिवेल. पुन्हा घासायला घेऊ नका. एकदा तुम्ही त्यांच्यामागून भांडं घासलंत की ते काम त्याच क्षणी तुमच्याकडं परत आलं म्हणून समजा. तेलकट भांडं सरळ त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, रिजेक्शन. ज्यानं जॉब बिघडवला, रिवर्कही त्यानंच करायचं, हा नियम त्यांना तुमच्यापेक्षा चांगला माहीत आहे. आणि झारा कुठल्या खणात ठेवायचा हे सोडून द्या हो. तुमच्या स्वयंपाकघरावरचा तुमचा एकहाती कारभारही थोडा सैल करावा लागेल. त्यात दुसऱ्याला जागा नको असेल तर ओझंही एकटीचंच राहणार.

काही बायका म्हणतात, करू दे त्याला, पण दार लावून, बाहेर कळायला नको. मला हे पटत नाही. दवंडी पिटू नका, स्टेटसलाही टाकू नका, पण लपवायचंही नाही. एखादा मित्र दारात आला आणि हे मोरीत बसलेले दिसले तर पहिल्यांदा चेष्टा होणारच. तुम्ही मध्ये पडू नका, त्यांचं ते निभावतील. मंडळातल्या निम्म्या पोरांच्या घरी हीच भांडणं चालू असतात, आणि पहिला कुणी उघड करायला लागला की बाकीच्यांची सोय होते.

मुलाची काळजी तुम्ही केली त्याहून कमी करा. सात वर्षांचं पोरगं घरात जे बघतं ते बोलतं. त्याला बसवून समान हक्कांवर भाषण दिलंत तर जांभया देईल. त्याला कपडा द्या आणि पाणी पुसायला लावा, तो बडबडत असेल तरी. शाळेतून आल्यावर डबा आणि बाटली स्वतः धुवायची, बूट जागेवर, संध्याकाळी म्हशींच्या पाण्याची एक बादली, अर्धी भरलेली, आजीबरोबर. म्हशीला पाणी पाजायला पोरांना फार आवडतं, त्यानं सुरुवात करा, डबा मागून येईल. आणि काही दिवस त्याला काही शिकवायच्या भानगडीत न पडता बापाला भांडी घासताना नुसतं बघू दे.

आणि हे सगळं करून नाहीच जमलं तर? तेही होऊ शकतं. सरळ बसून दोघांच्या पगारातून पैसे काढा आणि भांड्याला बाई लावा. पैसे तुमच्या एकटीच्या पगारातून नकोत, नाहीतर ते काम तुमचंच होतं आणि तुम्ही ते विकत सोडवून घेतलंत असा अर्थ होईल. येणारी बाई तिच्या घरची भांडी घासूनच तुमच्याकडं येणार आहे, तिच्याही घरात तुमच्या घरासारखाच एखादा पैलवान असेल. तेव्हा घासाघीस करू नका, दिवाळीला एक पगार द्या. महिन्याच्या तिच्या सुट्ट्या पहिल्याच दिवशी ठरवा, आणि त्या दिवशी भांडी कोण घासणार हेही तेव्हाच, तुमच्या मालकांसमोर.